भाता

पाचवीच्या दुसऱ्याच आठवड्यात मला प्रार्थनेत गायची बंदी झाली. जून १९७२ ची गोष्ट. 'खरा तो एकचि धर्म' चालू होतं. सर नेहमीसारखे रांगांमधून कान देत फिरत होते, ते माझ्याजवळ येऊन थांबले आणि प्रार्थना संपेपर्यंत हललेच नाहीत. मला वाटलं, शाबासकी मिळणार. सर खाली वाकून हळूच म्हणाले, "लोहार, तू उद्यापासून नुसते ओठ हलव."

तेव्हा शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेत 'आवडती गाणी आणि आठवणी' यावर मी लिहावं, हे समितीनं चांगलंच ठरवलंय. सरांचं नाव लिहीत नाही. आमच्या वेळच्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे, आणि आज त्यांच्याबद्दल माझी तक्रारही नाही. दोनेक वर्षं होती, ती पुढे विरली. नुसते ओठ हलवणाऱ्याला बाकीच्या दोनशे पोरांचं गाणं स्वच्छ ऐकू येतं, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

सर शिकवायचे हिंदी, पण शनिवारी शेवटच्या तासाला कपाटातून पेटी निघायची. डाव्या हातानं भाता मारायचा आणि उजव्यानं वाजवायचं, हा पेटीचा रिवाज. सरांना मात्र डावा हात मोकळा लागायचा. चाल कुठं चढते, कुठं उतरते ते हवेत दाखवायला, आणि मधेच एखाद्याचा कान धरायला. त्यात आपल्या पेटीचा भाता दोन ठिकाणी फाटलेला, वर कापडी पट्ट्या डकवलेल्या. "भाता कोण मारणार?" सरांनी विचारलं, तर अख्ख्या वर्गानं माझ्याकडं बोट केलं. शाळेला येताजाता सगळ्यांनी मला आमच्या भट्टीवर भाता ओढताना पाहिलेलं.

मी घरच्यासारखाच जोर लावला. पेटी म्हशीगत हंबरली. वर्ग हसून लोळला. सर म्हणाले, "अरे, फाळ तापवायचा नाही, सा लावायचाय."

भट्टीचा भाता आणि पेटीचा भाता यांत फरक काय, ते शिकायला मला आठवीपर्यंतचा काळ लागला. भट्टीवर अंगाचा भार टाकून साखळी ओढायची, पूर्ण खाली आणायची, मग सोडायची. लोखंडाला लोखंड जोडायचं असलं की वडील नुसती मान हलवत, म्हणजे अजून जोर हवा, तांबडं नको, पांढरं पाहिजे. पेटीचं सगळं उलटं. भाता पूर्ण रिकामा होऊ द्यायचा नाही आणि गच्च भरायचाही नाही. आत थोडी हवा कायम शिल्लक ठेवायची. पोरं दम घेतात तिथं आपण हलका हात द्यायचा, ती लांब सूर धरणार असतील तर आधीच साठवून ठेवायचं. थोडक्यात, गाणं पुढं कुठं जाणार हे गाणाऱ्याच्या आधी भातेवाल्याला कळायला हवं. मला आज जी काही शंभर-दीडशे गाणी कडव्यांसकट पाठ आहेत, ती अशी हातातून पाठ झालेली आहेत. म्हणता मात्र एकही येत नाही.

तो दुष्काळाचा काळ होता. शेतं पडीक, म्हणजे खुरपी-विळ्यांना धार लावायला कुणी येईना. बलुत्याचं धान्य तर विसराच. वडील दुष्काळी कामावर गेले. खडी फोडायला नव्हे, तिथल्या पहारी आणि टिकाव शेवटायला, म्हणजे त्यांची टोकं पुन्हा काढायला. बोथट अवजारांचा ढीग संध्याकाळपर्यंत कमी व्हायचा नाही. सुट्टीच्या दिवशी भाता ओढायला मी बरोबर जायचो. खडी फोडणाऱ्या बायका ओव्या म्हणायच्या, आणि हातोड्यांचा ताल त्या ओव्यांशी कधीच जुळायचा नाही. मिलोची, म्हणजे दुष्काळातल्या त्या लाल ज्वारीची भाकरी मी पुढं कधी खाल्ली नाही, पण कुठंही खडी फुटत असली की ती लाल भाकरी जिभेवर येते.

आता मुख्य गाण्याकडं येतो. गावात रेडिओ मोजके. एक ग्रामपंचायतीचा, चावडीवर. बुधवारी रात्री आठला आम्हा पोरांना सिलोनवरची बिनाका गीतमाला हवी असायची, थोरल्यांना सांगली केंद्र. जिंकायचे अर्थातच थोरले. पण त्या सांगली केंद्रावरच मी 'ऐरणीच्या देवा' पहिल्यांदा नीट ऐकलं. 'साधी माणसं' १९६५ चा, भालजी पेंढारकरांचा. शब्द जगदीश खेबूडकरांचे आणि आवाज लताबाईंचा. चालही त्यांचीच, 'आनंदघन' हे नाव घेऊन त्यांनी दिलेली. (आपली शाळाही १९६५ चीच. म्हणजे हे गाणंही हीरकमहोत्सवी झालं, समितीनं नोंद घ्यावी.) आमच्या घरात चालते तीच ऐरण, तीच ठिणगी, तोच भाता रेडिओत! मी पळत जाऊन वडिलांना घेऊन आलो. त्यांनी खांबाला टेकून सगळं गाणं ऐकलं. सोबतच्या चार माणसांनी त्यांच्याकडं कौतुकानं बघितलं. वडील म्हणाले, "ग्वाड हाय. पर ह्या तालावर भाता वढला तर लोखंड थंड पडंल."

त्यांचं खरंच होतं. भट्टीवर मी तसा ओढून पाहिला. निखारे काळवंडले.

डिसेंबर १९७५, मी आठवीत. प्रार्थनेला तेव्हा आम्ही 'ऐ मालिक तेरे बंदे हम' म्हणायचो. 'दो आँखें बारह हाथ'मधलं हे गाणं सरांच्या लाडाचं. एके सकाळी सर हातात वर्तमानपत्र घेऊन आले. या गाण्याची चाल बांधणारे वसंत देसाई मुंबईत लिफ्टच्या अपघातात गेले होते. शाळाशाळांतल्या हजारो पोरांना एका सुरात गायला लावणारा माणूस, असं सर त्यांच्याबद्दल नेहमी सांगायचे. त्या दिवशी सरांनी आणखी एक सांगितलं. 'घनश्याम सुंदरा' ही होनाजी बाळाची भूपाळी, 'अमर भूपाळी'मध्ये, तिची चालही त्यांचीच.

मी चमकलोच. ती तर आमच्या आईची! पहाटे चूल सारवताना ती गुणगुणायची. पहिल्या दोन ओळी, मग शब्द विसरायची, मग पुन्हा पहिल्या दोन ओळी. ती भूपाळी तिनंच रचली असणार, असं मी तोवर धरून चाललो होतो. आईनं सिनेमा पाहिलेला मला आठवत नाही. चाल तिच्यापर्यंत कुणाकुणाच्या तोंडून आली असेल, कुणास ठाऊक.

सरांनी पेटी उघडली, एक पट्टी दाबून धरली. मी भाता देत राहिलो. प्रार्थना सुरू होईल म्हणून पोरं वाट बघत होती. सर दुसरी पट्टी दाबेचनात. बराच वेळ तो एकच सूर व्हरांड्यात चालू होता आणि तो मी चालू ठेवला होता. शेवटी घंटा झाली.

१९७७ च्या स्नेहसंमेलनात मुलींनी 'ऐरणीच्या देवा' बसवलं. कुणाच्या तरी डोक्यात आलं, पुठ्ठ्याची ऐरण कशाला, लोहाराकडं खरी आहे. वडिलांनी एका रात्रीपुरती दिली. बैलगाडीतून आणली आणि सहाजणांनी मंचावर चढवली. तालमीत आमच्या वर्गातल्या नायकानं हातोडा हाणला तो थेट गाणाऱ्या मुलीच्या सुरावर. सरांनी कानावर हात ठेवले, पेटीवर दोन-तीन पट्ट्या चाचपल्या आणि म्हणाले, "ऐरण काळी पाचला बोलतीय." म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात. मुलगी गायची काळी चारमध्ये, एक काळी पट्टी खाली. आता ऐरण काही खाली उतरवता येणार नव्हती, म्हणून मुलीला वर चढवलं. अंतऱ्यात बिचारीच्या गळ्याच्या शिरा ताणल्या जायच्या. (ती आज स्मरणिका समितीवर आहे. तिनं हे वाक्य कापू नये.)

कार्यक्रमात मी पडद्याआड पेटीच्या भात्यावर. मंचावरचा भाता दुसऱ्या पोराकडं, नुसता दाखवण्यापुरता. वडील तिसऱ्या ओळीत, धुतलेल्या पटक्यात. दाद मिळाली, वन्समोअर मिळाला. रात्री गाडीत ऐरणीवर बसून घरी येताना मी त्यांना काळी पाचचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ऐरण उतरवली, तिच्या बुंध्यात बसवली, मग हातोडीनं मधोमध एक टोला दिला. ऐकला. मग शिंगाच्या टोकावर दिला. तो बारीक वाजला. पुन्हा मधे, पुन्हा टोकावर. चाळीस वर्षं रोज तीच ऐरण ठोकणारा माणूस मध्यरात्री अंगणात ती ऐकत उभा होता. आई आतून ओरडली, "झोपा की आता, गाव जागं झालं."

पुढं दहावी झाली, मी एसटीच्या वर्कशॉपला लागलो, निवृत्तही झालो. भट्टी वडिलांबरोबरच थंडावली. ऐरण परसात आहे, पावसाळ्यात तिच्यावर कोंबड्या बसतात. नातवानं फोनवर सूर मोजायचं ॲप टाकलंय. गेल्या दिवाळीत त्याला टोला द्यायला लावला. ॲपनं दाखवलं ते पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या मधलं कुठलंतरी. एक तर इतक्या वर्षांत ऐरण उतरली, नाही तर सरांची पेटी तेव्हाच उतरलेली होती. मी ॲपवर विश्वास ठेवलेला नाही.

महोत्सवात आमच्या तुकडीनं समूहगान म्हणायचं ठरलंय. यादीत माझंही नाव आहे. मी मागच्या रांगेत उभा राहून ओठ हलवीन, त्याची काळजी नको. पण शाळेत आता कीबोर्ड आहे म्हणे, त्याला भाता नसतो. जुनी पेटी क्रीडासाहित्याच्या खोलीत कपाटावर होती, मी स्वतः दहा वर्षांपूर्वी पाहिलीय. त्या खोलीची किल्ली कुणाकडं असते, तेवढं कळवावं. पट्ट्या डकवायला मी दोन दिवस आधी येतो.

— एक माजी विद्यार्थी, दहावी १९७८