लॅपटॉपचा खण

लॅपटॉप उलटा टाकला की पाठीवर दहा-बारा स्क्रू दिसतात. त्यांतला एकच डीव्हीडी रायटरचा असतो. काही कंपन्या सौजन्यानं त्याच्या शेजारी तबकडीचं बारीकसं चित्रही कोरतात. मशीन बंद करायचं, चार्जर काढायचा, बॅटरी सुटी होत असेल तर तीही काढायची आणि तेवढा एक स्क्रू फिरवायचा. अख्खा ड्राइव्ह बाजूनं सरकत हातात येतो. ना वायर सोडवायची, ना सोल्डरिंगचा डाग द्यायचा. बाकीचा लॅपटॉप उघडायचा म्हणजे रिबनी (आतल्या चपट्या वायरी) जपा, क्लिपा मोडू देऊ नका, आणि शेवटी एक स्क्रू उरतोच. हल्लीच्या पातळ मशीनमध्ये हा खणच ठेवत नाहीत. पातळपणाचं एवढं कौतुक कशाला, मला कळलेलं नाही.

"आता सीडी कोण बघतंय वो? त्या जागेत एसएसडी घाला की," आमचा रायटर बिघडला म्हणून नवा मागायला गेलो तेव्हा दुकानातला पोरगा म्हणाला. त्याचं चुकीचं नव्हतं. रायटर काढून तिथं कॅडी, म्हणजे त्याच मापाची चौकट बसवतात आणि कॅडीत अडीच इंची एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क. जुनं मशीन पळायला लागतं. पण सांगलीत राहून सीडी संपली म्हणणं जरा धाडसाचंच. मिरजेच्या दवाखान्यांतून बाहेर पडणारी माणसं बघावीत. हातात भलंमोठं पाकीट, त्यात एमआरआयची फिल्म, आणि फिल्मच्या मागं सीडी. पुण्याचा डॉक्टर नेमकी तीच मागतो.

शिवाय लग्नं आहेत. एका पिढीची लग्नं सगळी तबकड्यांवर लागलेली आहेत. २०१९च्या पुरात आमच्या गावभागातल्या मावशींकडं पाणी शिरलं. अल्बमातले फोटो एकमेकांना चिकटून लगदा झाले, लग्नाची डीव्हीडी मात्र साध्या पाण्यानं धुऊन पुसली आणि चालली. त्याला कारण आहे. सीडीत माहितीचा थर वरच्या बाजूला, छापील नावाच्या लगेच खाली असतो, त्यामुळं ओरखडा खालून परवडतो, वरून नाही. डीव्हीडीत तोच थर प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांच्या मधे दाबलेला असतो.

आमचा रायटर गेला तोही अर्धाच. सीडी वाचायचा, डीव्हीडी टाकली की नुसता गुरगुरायचा. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५०चा. एका भिंगामागं हे दोघे बिऱ्हाड करून असतात, आणि एकानं मान टाकली तरी दुसरा आपलं काम करत राहतो. डीव्हीडीवरच्या माहितीच्या रेघा सीडीच्या निम्म्याहून बारीक, म्हणून भिंगावरच्या धुळीचा त्रासही तिलाच आधी. ती धूळ पुसूनही बघितली, फरक शून्य.

नवा घेताना बघायची ती जाडी. जुन्या लॅपटॉपांत १२.७ मिलिमीटरचा ड्राइव्ह, नंतरच्यांत ९.५चा. जाड पातळ जागेत शिरत नाही, आणि पातळ जाड जागेत खुळखुळतो. दुसरी गोष्ट दुकानदार सांगतीलच असं नाही: नवा ड्राइव्ह उघड्या तोंडानं येतो. पुढची प्लॅस्टिकची पट्टी आणि मागचा लोखंडी कोन जुन्यावरून काढून त्याला लावायचा. पट्टी काढायला ट्रे बाहेर हवा, आणि लॅपटॉपबाहेर काढलेल्या ड्राइव्हचं बटण दाबून उपयोग नाही. पट्टीवरच्या टाचणीएवढ्या भोकात सरळ केलेली पेपरक्लिप खुपसली की ट्रे टुणकन बाहेर येतो. वीज नसतानाही दार उघडेल अशी सोय करून ठेवणारा इंजिनिअर मला फार आवडतो.

बसवला, आणि बातमी गल्लीत फुटली. शेजारच्या काकू डीव्हीड्यांची चळत पदराखाली धरून आल्या.

"एवढं पेनड्राइव्हवर घालून दे की रे. मुंज आधी घाल. आणि लग्नातली पंगत तेवढी कापून टाक. त्या व्हिडिओवाल्यानं एकेकाचा घास टिपलाय मेल्यानं."