शालन आणि 3,412 फॉन्ट

पानं मांडायच्या ‘कोरल ड्रॉ’ या सॉफ्टवेअरवर क्लिक केलं की मी उठून चहा टाकते. आधण येतं, आलं किसून होतं, साखर विरघळते आणि पडद्यावर अजून तो पहिला चौकोन तसाच ठाण मांडून बसलेला असतो. परवा चहा गाळून, पिऊन, कप विसळून परत आले तरी तेच. मग लक्षात आलं, मशीन बिचारं माझे फॉन्ट वाचत बसलंय. कधी नव्हे ते मी मोजले. 3,412.

लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकांची पानं असं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम पंचवीस वर्षं घरूनच करतेय. त्यात रोज लागणारे फॉन्ट विचाराल तर सात. पाहुणेरावळे धरून नऊ.

“काढून टाक की बाकीचे,” नवरा म्हणाला. ज्या माणसाने स्कूटर विकून अठरा वर्षं झाली तरी तिची चावी खुंटीला लावून ठेवलीय, त्याने हे म्हणावं!

फॉन्ट कुणी ठरवून जमवत नाही. भांड्यांच्या माळ्यासारखं असतं ते. हे आहेरात आलं, ते मोडीत बदलून घेतलं, तिसरं शेजारणीचं परत द्यायचं राहिलं. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह देताना सांगतं, “ताई, यात आमचा फॉन्टपण टाकलाय हं.” तो आला की मुक्कामालाच. शिवाय आता चांगले फॉन्ट फुकट मिळतात, हा मोह आहेच. ‘एक टाइप’ नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्त’ घ्यायला गेले आणि येताना त्यांचाच ‘मोदक’ उचलून आणला. इतका गुबगुबीत, की अक्षरांच्या पोटातली पोकळी जवळजवळ बुजलेली. त्याच्या मागोमाग ‘बिर्याणी’ नावाचा आला. मग ‘यात्रा वन’ आला, मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवर बेतलेला. तो मी आजवर एकाही कामात वापरलेला नाही, पण उघडून बघते अधूनमधून.

शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात ही चैन नव्हती. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात राणोजी रावजी आरूंनी घडवलेली अक्षरं किती देखणी होती ते जुन्या पोथ्यांत आजही दिसतं. पण एकेका आकाराच्या अक्षराचा संच म्हणजे खणाखणांची वेगळी पेटी आणि शिशाचं वजन. हौस म्हणून आणखी एक घ्यावा असं कुणाच्या मनातही येत नसणार. माझे 3,412 खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये मावतात, तिथेच सगळा घोटाळा आहे.

तर आवरायला घेतलं. फॉन्ट मॅनेजर म्हणून छोटी सॉफ्टवेअर असतात, त्यातलं नेक्ससफॉन्ट घेतलं. फॉन्ट विंडोजमध्ये कायमचे बसवायचे नाहीत, वेगवेगळ्या फोल्डरांत ठेवायचे. नेक्ससफॉन्टमध्ये हवं ते फोल्डर उघडलं, की ते चालू असेपर्यंत त्यातले फॉन्ट सगळीकडे दिसतात. बंद केलं की गेले. पत्रिकेच्या दिवशी पत्रिकेचे, अहवालाच्या दिवशी अहवालाचे. हे मला दहा वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर चहा कमी झाला असता.

फॉन्टच्या नमुन्यासाठी तिथे सगळी इंग्रजी अक्षरं असलेलं ते ठरलेलं वाक्य असतं, त्यातला कोल्हा आळशी कुत्र्यावरून उडी मारत असतो. देवनागरी फॉन्ट पारखायला त्याचा काय उपयोग? मी माझं वाक्य टाकलं: ‘शालन, लाल शालू नेसून दऱ्याखोऱ्यांत ॲक्टिंग करू नकोस, हृदयाचा ठोका चुकतो.’ या शालनने भल्याभल्यांची परीक्षा घेतली. ‘ल’ पाकळ्यांचा हवा आणि ‘श’ देठाचा. शासनाने 2022 च्या निर्णयात तेच सांगितलंय. बऱ्याच फॉन्टांत हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’ निघतो आणि शालन एकदम कानपूरची वाटायला लागते. काहींत दोन्ही ‘ल’ असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. ‘दऱ्याखोऱ्यां’पाशी आणखी काही गळतात, कारण त्यांना ‘ऱ्य’ जोडताच येत नाही. ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांत एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या यादीत, आला 2008 साली. त्याआधीच्या फॉन्टांत त्या जागी रिकामा चौकोन, म्हणजे शालनचं ॲक्टिंग तिथेच संपलं.

त्या दोन दिवसांत नऊशेच्या वर फॉन्ट उडवले. त्यातले कितीतरी तर एकच फॉन्ट, चार नावांच्या चार फायलींत.

मग हात थांबला तो ‘जुने’ नावाच्या फोल्डरपाशी. हे युनिकोडच्या आधीचे. फायलींची नावं आठ अक्षरांत कोंबलेली, त्यावरून आत कोण आहे काही कळत नाही. यांची गंमत अशी, की यांनी इंग्रजीच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवलेले. कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे नुसती वेलांटी. आणि कुठला तुकडा कुठे, हे प्रत्येक कंपनीचं आपलं आपलं. युनिकोडमध्ये फॉन्ट बदलला तर अक्षराचे कपडे बदलतात. इथे फॉन्ट गेला की मजकूरच गेला. उरतात कंस, डॉलर आणि टोप्या घातलेले इंग्रजी ए.

माझ्या बाबांनी निवृत्तीनंतर आठवणी लिहिल्या त्या असल्याच एका फॉन्टात. विंडोज 98, एका बोटाने टायपिंग, रोज अर्धं पान. फाईल माझ्याकडे होती, पण मधे दोन मशीन बदलली आणि परवा उघडली तेव्हा एकसष्ट पानं नुसत्या टोप्या. फॉन्ट ‘जुने’मध्ये आहे का बघायला शंभरेक फायली एकेक करून लावल्या. कुणी ‘क’ दाखवावा तिथे ‘त’, कुणी नुसते काने पाडावेत. त्र्याण्णवाव्या की चौऱ्याण्णवाव्या फॉन्टला पान हललं आणि पहिली ओळ उभी राहिली: ‘माझा जन्म कराडचा.’

ते सगळं कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलं. कन्व्हर्टर रफार आणि ऱ्हस्व वेलांटीला हमखास अडखळतो, कारण जुन्या फॉन्टात वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करत आणि रफार नंतर. ओळीओळीला बसून दुरुस्त्या केल्या. एक चूक मात्र कन्व्हर्टरची नव्हती. ‘ज्ञ’ त्या फॉन्टात साध्या कळांवर नव्हता. आल्ट दाबून चार आकडे मारावे लागायचे, आणि ते बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं होतं! त्यामुळे सगळीकडे ‘द्न्यानेश्वर’, ‘विद्न्यान’, ‘आद्न्या’.

ते मी बदललं नाही. छापून, स्पायरल करून एक प्रत भावाकडे पाठवली. ‘जुने’ फोल्डर आहे तिथेच आहे, दोन ठिकाणी कॉपी करून.

चार दिवसांनी भाच्याचा फोन आला.

“आत्या, आजोबा शाळेत मराठी शिकवायचे ना?”

“हो. एकतीस वर्षं.”

“मग त्यांना ‘ज्ञ’ येत नव्हता?”

“येत होता रे,” मी म्हटलं, “बटण सापडत नव्हतं.”