फ्लोअर करायला आलेली गाडी आणि स्टिअरिंगचं निघालेलं लफडं

मी मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाहेरच्या बाजूला एका छोट्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये कामाला आहे, मालक, मी आणि एक शिकाऊ पोरगा एवढाच आमचा संसार. मूळचा कोल्हापूरचा, पत्र्याचं काम शिवाजी उद्यमनगरात शिकलो, बायकोच्या नोकरीमुळं इकडं आलो आणि बघतो तर काय, आपल्याकडं रस्त्यावर काढली तर आरटीओवाले उचलून नेतील अशा गाड्या इथं लोक घरच्या गॅरेजमध्ये बांधत बसतात. आपल्याकडं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, वर २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण सांगून टाकलं की कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, म्हणजे विषयच संपला.

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी घ्यायची, बहुतेक वेळा तीसच्या दशकातली फोर्ड, नको ते काढून वजन कमी करायचं, बॉडी खाली बसवायची आणि मोठं इंजिन टाकायचं. हे खूळ कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांवर शर्यती लावणाऱ्या पोरांचं, त्यांची एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) नावाची संघटना १९३७ पासून आहे. आमच्या भागात दर ऑगस्टला वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरते, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्राच, १९९५ पासून चालू आहे, आणि उन्हाळा लागला की "बाकी सगळं झालंय, फक्त एवढंच राहिलंय" म्हणणारे दारात उभे राहतात. ही फ्लोअरची गाडी आणणारे आजोबा त्यातलेच. आयुष्यभर टूलरूममध्ये (कारखान्यात साचे-हत्यारं बनवतात तिथं) काम करून रिटायर झालेले, त्यामुळं हाताला कसब, आणि कसबापेक्षा जास्त ताठा.

गाडी ट्रेलरवरून उतरली. १९३० ची फोर्ड मॉडेल ए, कूपे, म्हणजे दोन दारांची. मूळ इंजिन चार सिलिंडरचं, ४० हॉर्सपॉवरचं, त्या जागी आजोबांनी शेवरलेचं ३५० स्मॉल ब्लॉक बसवलेलं, म्हणजे ५.७ लिटरचं व्ही-८. बॉडी चेसिसवर न ठेवता चेसिसच्या दोन्ही बाजूंनी चार इंच खाली उतरवलेली, याला इथं चॅनल करणं म्हणतात. दिसायला एक नंबर दिसतं, पण आतली उंची गेली, सीट जवळजवळ जमिनीवर आणि पाय समोर सरळ. मॉडेल एला पुढं पायाखाली मुळात लाकडी फळ्याच होत्या, त्या तर कधीच कुजून गेलेल्या, आत वाकून बघितलं तर खाली थेट आमच्या शॉपची फरशी. आजोबा म्हणाले, स्टिअरिंग झालंय, ब्रेक झालाय, तू फक्त पत्रा टाक.

आता फ्लोअरचं, म्हणजे गाडीच्या तळाच्या पत्र्याचं काम सुरू होतं पुठ्ठ्यानं. आधी पुठ्ठा कापून, चिकटपट्टी लावून सगळा आकार बसवायचा, कुठं गिअरबॉक्सचा बोगदा येणार, कुठं पाय टेकायचा तिरका भाग येणार, आणि स्टिअरिंगचा कॉलम नेमका कुठून खाली जाणार. मग ते मोजमाप पत्र्यावर. पण भोक पाडायचं तर कॉलम शेवटी कुठं राहणार हे पक्कं पाहिजे, म्हणून पोराला म्हटलं बस आत आणि स्टिअरिंग सावकाश फिरव, मी खालून बघतो.

खालून बघितल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती म्हणजे शाफ्ट एकसारखा फिरतच नव्हता, अर्ध्या फेऱ्यात घट्ट, परत सैल, परत घट्ट. हे युनिव्हर्सल जॉइंटचं दुखणं, म्हणजे दोन शाफ्ट कोनात जोडणारा, दोन काटे एकमेकांत अडकवलेला सांधा. जॉइंट वाकडा असला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो, दोन जॉइंट असतील तर मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत ठेवायचे आणि दोन्हीकडचे कोन जमेल तेवढे सारखे ठेवायचे, मग एकाची चूक दुसरा खाऊन टाकतो. इथं काटे एकमेकांना आडवे होते. त्यात वरच्या जॉइंटचा कोन मोजला तर ३५ अंशांच्या पुढं, आणि साध्या जॉइंटला आम्ही ३० च्या वर जाऊच देत नाही. कारण पण उघड होतं, स्मॉल ब्लॉकचा ऑइल फिल्टर डाव्या बाजूला मागं असतो, त्याच्या पुढं एक्झॉस्टचे पाइप, आणि स्टिअरिंग बॉक्स पण चेसिसच्या डाव्याच रेलवर (लांब दांड्यावर), तर या सगळ्या गर्दीतून शाफ्ट काढताना आजोबांनी तो जमेल तसा वाकवून नेलेला.

काटे बघायला टॉर्च जवळ नेला तेव्हा शाफ्टच्या मधोमध रंगाखाली ग्राइंडरचे बारीक ओरखडे दिसले, गोल, पट्ट्यासारखे. तिथं मात्र पोटात गोळा आला. शाफ्ट आखूड पडला म्हणून दोन तुकडे समोरासमोर ठेवून वेल्ड केलेले आणि वरून घासून रंग मारलेला.

मी मालकाला बोलावलं, मालकानं बघितलं आणि आजोबांना सरळ सांगितलं की याच्यावर आम्ही फ्लोअर टाकणार नाही. आजोबा भडकले. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी वेल्डिंग करतोय, हे मला म्हणाले, मालकाला नाही, मालक त्यांच्याच वयाचा. मी म्हटलं तुमच्या हातावर शंका नाही, पण हा पाऊण इंचाचा भरीव शाफ्ट आहे, टोकांना उतार न देता वेल्ड केलाय, वेल्डचा रस आत गेला कुठून असेल?

बोलून काही होणार नव्हतं. शाफ्ट काढला, एक टोक व्हाइसमध्ये, दुसऱ्या टोकाला पाना आणि पान्याला लांब पाइप. मालक आजोबांना म्हणाला तूच ओढ. आजोबांनी पहिल्यांदा जपून ओढला, काही झालं नाही, त्यांनी माझ्याकडं अशी नजर टाकली की मला वाटलं आता आपली काही खैर नाही. मग जरा अंग टाकून ओढला आणि कट्ट करून शाफ्ट मधून सुटला, आजोबा दोन पावलं मागं गेले, पोरानं धरलं.

तुटलेलं टोक उलटं करून बघितलं तर कडेला जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची वेल्डची रिंग आणि आतला सगळा भाग जसाच्या तसा. हॅक्सॉनं कापल्याच्या रेघा आत स्वच्छ दिसत होत्या. आजोबा त्या रेघांवरून अंगठा फिरवत बसले. टूलरूमचा माणूस, त्याला त्या रेघांचा अर्थ मी काय सांगणार. वुडवर्डवर ही गाडी साठ-सत्तरच्या स्पीडला असती आणि एखादा खड्डा लागला असता तर, हे कुणी बोललं नाही पण सगळ्यांच्या डोक्यात तेच.

मग काम उलटं सुरू केलं, म्हणजे खरं तर सुलटं. आधी माणूस, मग स्टिअरिंग, मग पत्रा. चेसिसवर प्लायवूड टाकलं, त्यावर खरी सीट ठेवली आणि आजोबांना बसवलं, बूट घालून. त्यांचा उजवा गुडघा नीट वाकत नाही हे तेव्हा कळलं, स्टिअरिंगचं चाक होतं तिथं ठेवलं तर ब्रेक मारताना गुडघा खालून घासत होता. त्यामुळं कॉलम वर घेतला, थोडा डावीकडं सरकवला, खालचं टोक पण त्याबरोबर दोन इंच डावीकडं गेलं. आता दोन जॉइंटमध्ये बसणं शक्यच नव्हतं, तीन लागले. तीन जॉइंट आले की मधला शाफ्ट दोरीच्या उडीसारखा हेलकावे खातो, म्हणून त्याला सपोर्ट बेअरिंग लागतंच, ते रॉड एंड (टोकाला गोल बेअरिंग असलेला तुकडा) घेऊन चेसिसला जाड ब्रॅकेट मारून त्यात बसवलं. प्रत्येक शाफ्ट अखंड, एकही वेल्ड नाही. सेट स्क्रू जिथं बसतो तिथं शाफ्टवर ड्रिलनं खळगा पाडला, वरून लॉक नट. शाफ्टचं टोक जॉइंटच्या आत जास्त घुसलं तर वळताना अडकतं, ते पण बघितलं, ऑइल फिल्टर काढता येतो का ते पण.

ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडं जाणारा दांडा, बघून मात्र बरं वाटलं. शेवरले वेगा गाडीच्या टाइपचा स्टिअरिंग बॉक्स, ड्रॅग लिंक आडवी उजव्या चाकाकडं जाणारी, आणि त्याला समांतर जवळपास तेवढाच पॅनहार्ड बार. पुढं स्प्रिंगचा आडवा पाटा असला की हा बार नसेल तर बॉडी डावी-उजवीकडं सरकते आणि गाडी आपोआप वळते. हे आजोबांनी अगदी नीट केलेलं. मी तसं बोलून दाखवलं, तेव्हा कुठं ते परत बोलायला लागले.

मग पत्रा. १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर, पायाखाली तेवढा पुरतो, पण सपाट ठेवला तर पाय पडला की डब्यासारखा वाजतो, म्हणून बीड रोलरवर नाळ्या पाडल्या. पोराला वाटत होतं की हे नुसतं दिसायला डिझाइन आहे, त्याला सपाट तुकडा आणि नाळीवाला तुकडा दोन्ही वाकवून बघायला दिले. सीटखाली १६ गेज घेतला. कडेला पत्रा पायरीसारखा दाबून एकमेकांवर बसवला, भोकं पाडून वेल्डनं भरली, एका जागी सलग वेल्ड मारायचा नाही, इकडं एक टाका, तिकडं एक टाका, नाहीतर उष्णतेनं पत्रा पापडासारखा उठतो. गिअरबॉक्सवरचा बोगदा बोल्टवर ठेवला, उद्या गिअरबॉक्स काढायचा झाला तर फ्लोअर कापायला नको. इंजिन हलतं म्हणून चारी बाजूंनी इंचभर गाळा.

आणि एक झाकण. हॉट रॉडमध्ये बहुतेक वेळा ब्रेकचा मास्टर सिलिंडर (ब्रेकचं तेल दाबणारा) फ्लोअरच्या खाली असतो, चाकांच्या ब्रेकपेक्षा खालच्या पातळीला, त्यामुळं तेल उलटं येऊ नये म्हणून लाइनमध्ये प्रेशर धरून ठेवणारे व्हॉल्व लागतात, डिस्कला २ पीएसआयचा, ड्रमला १० चा. व्हॉल्व आजोबांनी टाकले होते, पण तेल कुठून ओतायचं याचा विचार केलेला नव्हता. तिथं स्क्रूचं झाकण केलं.

शेवटी पुढची चाकं उचलून आणि परत जमिनीवर टेकवून दोन्हीकडं पूर्ण वळवून बघितलं, कुठं घासत नाही, घट्ट-सैल नाही. आजोबा स्वतः बसून बराच वेळ फिरवत होते.

बिलावरून मात्र वाजलं. मी फ्लोअर सांगितला होता, स्टिअरिंगची मजुरी कसली, असं आजोबांचं चाललेलं. मालकानं थोडी मजुरी सोडली, आजोबांनी थोडी दिली. सीटची भोकं मी घरी पाडतो म्हणाले, तेवढेच पैसे वाचतील. मी म्हटलं पाडा, पण डाव्या रेलशेजारून खालून ब्रेकची लाइन गेलीय, मार्करनं फुल्या मारल्यात तिथं ड्रिल नेऊ नका. आजोबा वाकले, फुल्या मोजल्या, उभे राहिले आणि म्हणाले, भोकं पाडायचं किती घेशील?

मालक आतून ओरडला, त्याला विचारू नकोस, मला विचार.