हातमोजा उलटा केला तेव्हा

आयात मालाला कस्टम्सच्या टॅरिफमधला, म्हणजे शुल्काच्या यादीतला, कोड देणं हे माझं काम. या वेळी इन्व्हॉइसवर एकच ओळ होती: 'रबर सेफ्टी ग्लोव्हज'. मी डोळे झाकून ४०१५ टाकला. व्हल्कनाइज्ड, म्हणजे प्रक्रियेने पक्क्या केलेल्या, रबराचे कपडे आणि हातमोजे यांचं ते हेडिंग, म्हणजे टॅरिफमधला मालाचा गट. याच पुरवठादाराचा माल आधी दोनदा याच कोडवर सुटला होता, त्यामुळे नमुना मागवायचं मनातही आलं नाही.

कस्टम्सच्या तपासणीत खोका फोडला. अधिकारी मॅडमनी एक हातमोजा उचलला, दाबून पाहिला आणि पायमोजा करतो तसा सरळ उलटा केला. आत पांढरं, होजिअरीसारखं विणकाम. रबर फक्त तळव्याला आणि बोटांना. हाताची पाठ तर उघडीच होती. ते सुलट असतानाही दिसायला हवं होतं मला.

"हा रबराचा आहे, की रबर लावलेला?"

मी म्हणालो, आतलं कापड मजबुतीपुरतं आहे, मॅडम. मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. सच्छिद्र रबराच्या शीटला मागून केवळ आधारासाठी कापड लावलेलं असेल, तर ती शीट रबरातच धरतात. पण इथे आधी हातमोजा विणतात आणि मग तो साच्यावर चढवून रबरात बुडवतात. रबर काढलं तरी हातमोजा उरतो. विणकाम काढलं तर?

मॅडमनी वाद घातला नाही. टॅरिफच्या चाळिसाव्या, रबराच्या चॅप्टरची दुसरी टीप समोर धरली: अकराव्या सेक्शनचा, म्हणजे कापडाचा, माल इथे येत नाही. मग एकसष्टावा चॅप्टर उघडला. ६११६, विणलेले हातमोजे, आणि त्यातलं ६११६.१० हे सबहेडिंगच मुळी प्लास्टिक किंवा रबराचा लेप दिलेल्यांचं. माझा माल तिथे शब्दशः छापलेला होता आणि मी 'मुख्य गुणधर्म कोणत्या पदार्थाचा' म्हणत वर्गीकरणाच्या तिसऱ्या नियमापर्यंत धावायच्या तयारीत! पहिल्याच नियमात काम संपलं होतं: हेडिंगचे शब्द आणि टिपा. चॅप्टरची शीर्षकं फक्त सोयीपुरती, हेही त्याच नियमात लिहिलंय. मी कित्येक वर्षं शीर्षकं बघूनच कोड शोधत आलो, हे तिथे बोललो नाही.

पुढच्या खोक्यात निखळ रबराचे निघाले, ते ४०१५ मध्येच राहिले. तळाशी थोडे चामड्याचे होते, ते ४२०३. एका ओळीच्या तीन झाल्या.

आयातदाराला फोन केला. "अहो, कोड तुम्हीच दिला होतात ना?" ते म्हणाले. दिला होता. आधीच्या दोन मालांची एन्ट्रीही दुरुस्त करून शुल्कातला फरक भरावा लागेल, हेही मग मलाच सांगावं लागलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

संध्याकाळी पुरवठादाराला मेल लिहिला. आपण सुयांवरच्या कामालाही विणलेलं म्हणतो आणि मागावरच्या कापडालाही. टॅरिफमध्ये मात्र पहिलं ६११६ मध्ये जातं, दुसरं ६२१६ मध्ये. म्हणून नेमकं विचारलं: आतला हातमोजा निटेड, की वोव्हन कापड शिवून केलेला? लेप कशाचा?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'रबर ग्लोव्हज.'