आमची वाटचाल : एक टक्क्याच्या खालचं काम

कोणत्या वस्तू एकत्र विकल्या जातात हे बिलांवरून शोधणारी अप्रायोरी पद्धत सगळेच चालवतात. मिनिमम सपोर्ट, म्हणजे जोडी एकूण बिलांपैकी निदान किती बिलांत दिसायला हवी ती मर्यादा, एक टक्का ठेवला की रिपोर्ट झटक्यात हातात येतो आणि ऑइल फिल्टरबरोबर ऑइल जातं, असं सांगतो. ते काउंटरवरच्या पोरालाही ठाऊक असतं. आमच्या फर्मने पहिल्यापासून त्या टक्क्याच्या खालचं काम धरलं.

सांगलीचे आमचे शेठ ट्रॅक्टरच्या पार्ट्सचे होलसेलर, आमचे पहिले गिऱ्हाईक. क्रँक ग्राइंड करून घेतलेला मेकॅनिक त्यांच्याकडे अंडरसाइज मेन बेअरिंग, थ्रस्ट वॉशर आणि गॅस्केट सेट एकदमच मागतो. एक वस्तू नसली की अख्खं बिल शेजारच्या दुकानात जातं. अशी बिलं वर्षात मोजकीच, पण मोठ्या रकमेची.

नुसता सपोर्ट खाली आणून भागत नाही, तपासायच्या जोड्या बेसुमार वाढतात. दहा हजार आयटम असले तर जोड्याच पाच कोटींच्या घरात आणि तिकड्या साडेसोळा हजार कोटींच्या वर. १९९९ मध्ये बिंग लिऊ आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक आयटमला स्वतःचा मिनिमम सपोर्ट देण्याची पद्धत मांडली. फिल्टरला वेगळा, क्रँकला वेगळा. आमचं सॉफ्टवेअर त्यावरच उभं आहे, सी प्लस प्लसमध्ये, ओळन् ओळ आम्ही लिहिलेलं.

मग आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे एक बडी कंपनी शिरली. रंगीत डॅशबोर्ड, निम्मा दर. ‘तुमचं रात्रभर चालतं, त्यांचं पाच मिनिटांत होतं,’ असं आम्हाला ऐकवलं गेलं. पाच मिनिटांत का होतं, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या रिपोर्टात एक टक्क्याखालचं काहीच नव्हतं! काम गेलं, पगार थकले, चांगली मुलं सोडून गेली. ते अजून सलतं. त्या महिन्यात शेठनी न मागता पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ पाठवले, म्हणून फर्म राहिली. पुढची वर्षं नीट गेली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना सांगतो, चार बिलांवरच्या लिफ्टवर, म्हणजे वस्तू योगायोगाच्या अपेक्षेपेक्षा किती पट एकत्र येतात त्या आकड्यावर, भुलू नका. फिशरची एक्झॅक्ट टेस्ट लावा, एवढी जुळणी निव्वळ योगायोगाने होण्याची शक्यता किती ते ती सांगते. तीही नुसती नको. पाच कोटी जोड्या पाच टक्क्यांच्या पातळीवर तपासल्या तर निव्वळ योगायोगाच्या पंचवीस लाखांपर्यंत जोड्या खऱ्या भासू शकतात. इतक्या चाचण्या एकदम केल्याचं करेक्शन लावूनच यादी काढा आणि ती काउंटरवरच्या जुन्या माणसाला दाखवा. त्याआधी आयटम मास्टर, म्हणजे वस्तूंची मूळ यादी, साफ करा. एकच बेअरिंग तीन स्पेलिंगांनी चढवलेलं असेल तर ते उगाच दुर्मीळ दिसतं. जुळवणी पार्ट नंबरवरून करा, नावावरून नको.