धरणाचं पाणी

आमच्या घरात शिवसागर हे नाव कोणी घेत नाही. कोयनेच्या त्या अफाट जलाशयाला आजी शेवटपर्यंत ‘धरणाचं पाणी’ म्हणत राहिली आणि आम्हीही तेच उचलले. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेला वाहत येते आणि हेळवाकपाशी पूर्वेला वळते. तेथे १९६४ मध्ये धरण पूर्ण झाले आणि मागच्या खोऱ्यातील भातखाचरे, देवळे, पायवाटा पाण्याखाली गेल्या. आमचे गावठाणही त्यातच गेले. घर वर डोंगराच्या अंगाला बांधले गेले, आणि वडील मुंबईला मशीद बंदरात माथाडीकामाला लागले.

असे असूनही मला ते पाणी मनापासून आवडते. सुट्टीत साताऱ्याहून एसटीने कासचे पठार ओलांडून बामणोलीला उतरायचे आणि तेथून जिल्हा परिषदेच्या लाँचने गाव गाठायचे, या प्रवासातला शेवटचा टप्पा मी वर्षभर मनात घोळवत असे. तांदळाची पोती, पत्र्याचे डबे, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि मुंबईहून आलेली माणसे यांच्या गर्दीत मी हटकून काठाची जागा धरायचो. इंजिनाची धडधड बसायच्या फळीतून अंगात शिरायची, बाहेर काढलेल्या हाताला गार पाणी कापत जायचे, आणि एखाद्या वाडीखाली लाँच थांबून इंजिन बंद झाले की पलीकडच्या रानातल्या पाखरांचा आवाज एकदम जवळ यायचा. मग काठावर फळी टाकली जाई आणि डोक्यावर बोचके घेतलेल्या बायका तिच्यावरून एकही पाऊल न चुकता उतरून जात.

हे पाणी वर्षभर एका जागी राहत नाही. पावसाळा संपताना ते काठोकाठ, म्हणजे सुमारे १०५ टीएमसी भरलेले असते. पुढे ते बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरते, पोफळीला वीज तयार करते आणि वाशिष्ठीतून कोकणात उतरते. १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाखालपर्यंत बोगदा खणत आणून शेवटचा खडक सुरुंगाने उडवण्यात आला. हे मी आजीला समजावून सांगितले, तेव्हा “म्हंजे खालनंबी भोक पाडलं,” एवढेच ती म्हणाली.

मे महिन्यापर्यंत पाणी इतके उतरते की लाँच दूर खालीच थांबते आणि भेगाळलेल्या गाळातून अर्धा तास चढावे लागते. अशाच एका मेमध्ये आजीने आम्हा नातवंडांना जुन्या गावठाणात नेले. जोत्यांचे दगड, एक फुटके उखळ आणि तुळशीवृंदावनाचा खालचा भाग एवढेच तेथे उरले होते. आम्ही दगडांवरून उड्या मारत होतो, तोच ती ओरडली, “चपला काडा रं, देवघर हाय हितं!” आम्ही चपला हातात घेतल्या आणि तापलेल्या गाळात पाय भाजत उभे राहिलो. ती मात्र माजघर, गोठा, परसू असे एकेक दाखवत निवांत फिरत होती, जणू पाहुण्यांना घर दाखवत होती.

आता पलीकडच्या रानातल्या वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांची बामणोलीत रांग लागते. वनखात्याची परवानगी घेऊन सकाळी निघायचे आणि संध्याकाळपर्यंत परतायचे, असा तो शिस्तीचा मामला आहे आणि तो मला मान्य आहे. तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हणणे मात्र अजून पटत नाही. सोळशी आणि कोयना यांच्या संगमावरच्या गावाला काश्मीरकडून नाव उसने घेण्याची गरज काय? वेगाने पाणी उडवत जाणाऱ्या बोटींपेक्षा मला ती जुनी, संथ लाँचच बरी वाटते, कारण तिच्यातून काठावरची खूण न् खूण ओळखता येते.

वडील नेहमी मेमध्येच गावी जात, गाव दिसते म्हणून. मी ऑक्टोबरमध्ये जातो. तेव्हा लाँच थेट आमच्या घराखालच्या जांभळापर्यंत येते आणि फळीवरून उतरले की चार पावलांत अंगण लागते. जांभळाच्या अलीकडे इंजिन बंद होते आणि लाँच आपल्या वेगानेच काठाकडे सरकत राहते. तेवढ्या वेळात ती नेमकी कशावरून जाते, ते मला माहीत आहे. पायांतल्या चपला मी तेव्हा काढून हातात घेतो. बरोबरच्यांना वाटते, उतरण्याची तयारी चालली आहे.