शिवमडक्यावरून वर्ध्याला, अन् मधात एक फांदी

रविवारी भाऊजींच्या नवीन गाडीत वर्ध्याला जाऊन आलो. सकाळी तर्री-पोहा हाणला अन् नागपूरच्या टोकाला शिवमडक्याला समृद्धी महामार्गावर चढलो. भाऊजींना रस्त्यापेक्षा गाडी दाखवायची हौस जास्त, "हे पाय, हात सोडला तरी लेन सोडत नाही!" म्हटलं भाऊजी, हात लावा, ताई बसली आहे मागं.

पण खरंच, काचेमागचा कॅमेरा पांढरे पट्टे बघून गाडी सरळ ठेवते. अन् रस्ता? तो गाडीशी बोलतो फक्त टोलपुरता, चढताना फास्टॅग वाचतो अन् उतरताना किलोमीटर मोजून पैसे कापतो. 701 किलोमीटर, 50 हजार कोटींच्या वर खर्च अन् एवढंच बोलणं, मला तर हसूच आलं.

पुढे एक चढ ओलांडला अन् डाव्या लेनमध्येच ट्रक उभा, पंक्चर. त्याच्यामागं इशारा काय, तर बाभळीची फांदी अन् तीन दगड. आम्ही 120 वर, म्हणजे सेकंदाला 33 मीटर. भाऊजींनी कचकन ब्रेक दाबला, गाडी त्यानंतर ओरडली. पाण्याची बाटली माझ्या पायाशी, ताई पाच मिनिटं चूप.

कॅमेरा असो की रडार, चढापलीकडचं त्याला दिसत नाही ना बापा. बाहेरच्या काही देशांत रस्त्याच्या कडेला खांबावर निरोप देणारं युनिट बसवतात, 5.9 गिगाहर्ट्झच्या रेडिओवर गाडीला आधीच निरोप, पुढे ट्रक बंद आहे. आता खांब नाहीत म्हणून कंपनी गाडीत तो निरोप ऐकणारी चिप टाकत नाही अन् चिपवाल्या गाड्या नाहीत म्हणून खांब कोणी उभारत नाही, म्हणून मला वाटते पहिला पैसा सरकारनंच टाकावा, रस्त्याच्या सिमेंटसोबतच.

नागपुरात थोडं झालंय बरं का. 2021 मध्ये अपघात कमी करायला आयरास्ते नावाचा प्रकल्प आला, मनपाच्या बसेसना कॅमेरे लागले, धोका दिसला की ड्रायव्हरला अलार्म, अन् कुठं जास्त वाजतो त्यावरून धोक्याच्या जागा हुडकायच्या, तिथं माणसं मरायच्या आधी. ही आयडिया जाम आवडली आपल्याला. फक्त तो अलार्म बसमधल्या ड्रायव्हरलाच ऐकू येतो, मागून येणाऱ्या माझ्या स्कूटीला काय माहीत.

संध्याकाळी परत येताना दुभाजकापलीकडे मुद्दाम पाहिलं. ट्रक निघून गेला होता, फांदी अन् दगड लेनमध्ये तसेच.